‘इक्वनिमिटी’: अर्थ, लॅटिन मूळ आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा इंग्रजी शब्द मराठी वाचकाला बहुधा दोन वाटांनी भेटतो: परीक्षेसाठी शब्दसंग्रह घोकताना, नाहीतर ध्यानधारणेवरचं एखादं पुस्तक वाचताना. त्यामुळे प्रश्नही दोन टोकांचे येतात. कुणाला स्पेलिंग अडतं, तर कुणाला गीतेतलं ‘समत्व’ ते हेच का, असं विचारायचं असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लॅटिन शब्द प्राचीन रोमन उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत, त्यामुळे ते इंग्रजी उच्चारांपेक्षा वेगळे दिसतील.

१. इक्वनिमिटी म्हणजे थोडक्यात काय?

सुख येवो वा संकट, मनाची पातळी ढळू न देणं. कोशात ‘शांतपणा’ एवढाच अर्थ दिलेला सापडतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शांत तर झोपलेला माणूसही असतो. मनाला हलवू शकेल असं काहीतरी समोर उभं असेल, तेव्हाच हा शब्द शोभतो: हातातून गेलेली नोकरी, भर सभेतला अपमान, ध्यानीमनी नसताना मिळालेलं यश, वाईट निघालेला वैद्यकीय अहवाल. निवांत दुपारी झोपाळ्यावर बसलेल्या माणसाबद्दल कुणी हा शब्द वापरत नाही.

२. उच्चार कसा करायचा? स्पेलिंगमध्ये माझी नेहमी चूक होते.

‘इक्-व-नि-मि-टी’, जोर ‘नि’वर. पहिला स्वर कुणी ‘ए’कडे झुकवतं, कुणी ‘ई’कडे. दोन्ही चालतात.

स्पेलिंगमधली ठरलेली चूक म्हणजे क्यू-यूच्या पुढे ‘ए’ऐवजी ‘आय’ लिहिणं. इक्विनॉक्स, इक्विलिब्रियम हे शब्द डोळ्यांत बसलेले असतात, त्यामुळे हात आपोआप ‘आय’कडे जातो. त्या शब्दांतला ‘आय’ हा दोन घटकांना सांधणारा स्वर आहे. इथला ‘ए’ मात्र दुसऱ्या घटकाचं पहिलंच अक्षर आहे. तो घटक कोणता, ते पुढच्या उत्तरात येतं. ती फोड कळली की ही चूक सहसा होत नाही.

३. हा शब्द लॅटिनमधून आला म्हणतात. त्याची फोड कशी होते?

‘ऐक्वुस’ आणि ‘अनिमुस’ या दोन शब्दांपासून लॅटिनमध्ये ‘ऐक्वनिमितास’ झाला, फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि इक्वनिमिटी झाला. शेवटचा ‘-तास’ हा भाववाचक नाम करणारा प्रत्यय आहे. आपल्या ‘समता’, ‘स्थिरता’मधला ‘-ता’ जे काम करतो तेच तो करतो.

‘ऐक्वुस’चा मूळ अर्थ अगदी जमिनीवरचा आहे: सपाट, समतल. गवंडी पाणसळ ठेवतो आणि बुडबुडा मधोमध थांबतो, तसं. याच शब्दापासून झालेल्या ‘ऐक्वोर’चा अर्थ सपाट पृष्ठभाग, आणि रोमन कवी समुद्रालाही ‘ऐक्वोर’ म्हणत. समतलावरून ‘समान’ हा अर्थ आला, समानवरून ‘न्याय्य’. इंग्रजीत या घराण्याचा गोतावळा मोठा आहे: इक्वल, इक्वेशन, इक्वेटर, इक्विटी, ॲडिक्वेट. नकारात्मक भावंड म्हणजे इनिक्विटी, अर्थात घोर अन्याय किंवा पाप. रोमन नाण्यांवर ‘ऐक्वितास’ ही न्याय्यतेची देवता दिसते, तिच्या हातात तराजू असतो.

‘अनिमुस’ म्हणजे मन. पण केवळ विचार करणारं मन नव्हे. हिंमत, इच्छा, हेतू, भावनेचा जोर हे सगळं त्यात येतं. त्याचं मूळ श्वासात आहे. ग्रीकमधला ‘अनेमोस’, म्हणजे वारा, हा त्याचा नातलग, आणि वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या ॲनिमोमीटरचं नाव त्या ग्रीक शब्दावरूनच पडलं. संस्कृतात हेच मूळ ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या धातूत आहे. प्राण, अनिल हे त्याच धातूचे शब्द. म्हणजे इक्वनिमिटीचा उत्तरार्ध आणि आपला ‘प्राण’ हे एकाच मुळातून फुटलेले आहेत.

४. इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ वेगळाच होता, हे खरं का?

खरं आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा आधी त्याचा अर्थ ‘निःपक्षपातीपणा’ असा होता. थोड्याच वर्षांत ‘मनाचा समतोल’ हा अर्थ रूढ झाला आणि पहिला मागे पडला. आज जुन्या अर्थाने कुणी वापरत नाही, वापरलाच तर वाचक गोंधळेल.

ही इंग्रजांची गल्लत मात्र नव्हती. लॅटिनमध्येच शब्दाला दोन पदर होते. इ.स.पू. १६० मध्ये लुसियस एमिलियस पॉलस या सेनानीच्या अंत्यविधीनिमित्त झालेल्या खेळांत रोमन नाटककार टेरेन्सचं ‘अडेल्फोए’ म्हणजे ‘भाऊ’ हे नाटक झालं. उमराव मित्र याला नाटकं लिहून देतात, अशी कुजबूज तेव्हा चालू होती. नांदीत तो त्या आरोपाचा समाचार घेतो आणि शेवटी प्रेक्षकांना म्हणतो की तुमच्या ‘ऐक्वनिमितास’मुळे लेखकाचा लिहिण्याचा उत्साह वाढू द्या. इथे ‘तुम्ही शांत बसा’ असा अर्थ लावला तर मजाच जाते. तो मागतो आहे ती मोकळ्या मनाची, आधीच निकाल न देणारी सद्भावना.

मला वाटतं, हा हरवलेला पदर लक्षात ठेवला तरच शब्द नीट कळतो. ज्याचं मन कुठल्याच बाजूला कललेलं नाही तो न्याय करू शकतो आणि प्रसंगही झेलू शकतो. शांतपणा हा त्या न कलण्याचा परिणाम आहे.

५. रोमन लोक हा शब्द रोज वापरत होते का?

नामापेक्षा ‘ऐक्वो अनिमो’, म्हणजे ‘सम मनाने’, हा शब्दप्रयोग कितीतरी जास्त वापरात होता. त्याला ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे, सोसणे हे क्रियापद जोडलं की ‘सम मनाने सोसणे’ झालं. इंग्रजीतला ‘बेअर विथ इक्वनिमिटी’ त्याच ठशाचा.

प्लॉटसच्या ‘रुडेन्स’ या विनोदी नाटकात एक पात्र म्हणतं, दुःखावरचा सगळ्यात चांगला मसाला म्हणजे सम मन. दुःख टळत नाही, फक्त घशाखाली उतरतं. तत्त्वज्ञांच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला ही ओळ जास्त पटते.

सगळ्यात प्रसिद्ध ओळ मात्र रोमन कवी होरेसची, इ.स.पू. २३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘ओड्स’मधली: ‘ऐक्वम मेमेन्तो रेबुस इन आर्दुइस सेर्वारे मेन्तेम’. कठीण प्रसंगी मन सम ठेवायला विसरू नकोस, असं तो डेलियस नावाच्या मित्राला सांगतो. उद्धृत करणारे बहुतेक जण इथेच थांबतात. कविता थांबत नाही. पुढच्याच शब्दांत तो म्हणतो, आणि चांगल्या दिवसांत बेभान आनंदापासूनही मन आवरून ठेव. कारण डेलियस, तू मरणार आहेस. म्हणजे समतोल दोन्हीकडून सांभाळायचा आहे. बारकाईने पाहणाऱ्यांसाठी: होरेसने इथे ‘अनिमुस’ न वापरता ‘मेन्स’ हा मनासाठीचा दुसरा शब्द वापरला आहे, त्यामुळे ही ओळ शब्दाची जननी नाही. कल्पना तीच.

६. एका रोमन सम्राटाचा शेवटचा शब्द हाच होता म्हणे?

सम्राट अँटोनिनस पायस, मृत्यू इ.स. १६१, रोमजवळच्या लोरियम इथल्या वाड्यात. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या चरित्रसंग्रहातली हकिकत अशी: रात्रीच्या जेवणात त्याने आल्प्सकडचं चीज जरा जास्तच खाल्लं, रात्री उलट्या झाल्या, दुसऱ्या दिवशी ताप चढला. तिसऱ्या दिवशी प्रकृती ढासळताना पाहून त्याने राज्य आणि मुलगी आपला दत्तक वारस मार्कस ऑरेलियस याच्या हवाली केली. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला त्या दिवशीचा परवलीचा शब्द दिला, ‘ऐक्वनिमितास’, आणि झोपायला वळावं तसं कुशीवर वळून प्राण सोडला.

हा संग्रह सम्राटाच्या मृत्यूनंतर फार उशिरा लिहिला गेला आणि त्यातल्या सगळ्याच गोष्टींवर इतिहासकार विश्वास ठेवत नाहीत. तरी चीज खाण्याचा तपशील कुणी गौरवासाठी रचला असेल असं वाटत नाही.

७. डॉक्टर मंडळी या शब्दाचा इतका उल्लेख का करतात?

विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांमुळे. १ मे १८८९ रोजी त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकीच्या नव्या पदवीधरांसमोर निरोपाचं भाषण केलं. त्यानंतर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले. भाषणाचं शीर्षक लॅटिनच ठेवलं होतं, ‘ऐक्वनिमितास’, आणि १९०४ मध्ये त्यांच्या भाषणांचा संग्रह याच नावाने आला. वरच्या सम्राटाचा दाखलाही त्यांनी भाषणात दिला होता.

त्यांनी दोन गुण वेगळे केले. पहिला देहाचा: रक्तस्राव सुरू झाला, रुग्णाचा श्वास अडकला, तरी चेहऱ्यावर घबराट दिसू न देणं. दुसरा मनाचा, तो इक्वनिमिटी. पहिला गुण काहींना जन्मजात असतो, काहींनी कितीही धडपड केली तरी पुरता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे सगळं साधताना हृदय दगडाचं होऊ देऊ नका, असंही त्याच भाषणात आहे. टीकाकार नेमका हा भाग विसरतात. प्रश्न ११ पाहा.

८. काम, सिरिनिटी, ट्रँक्विलिटी, कंपोजर हे सगळे समानार्थी नाहीत का?

शेजारी आहेत, पण घरं वेगळी. इंग्रजी ‘काम’चं, म्हणजे शांत या शब्दाचं, मूळ बहुतेक कोश ग्रीक ‘कौमा’, म्हणजे उष्णता, या शब्दापर्यंत नेतात. भर दुपारच्या उन्हात सगळं थांबतं, ती निश्चलता. त्यामुळे हा शब्द समुद्रालाही लागतो, हवेलाही. ‘सिरीन’चा लॅटिन पूर्वज निरभ्र आभाळासाठी वापरला जाई, त्या शब्दात वादळाचा मागमूस नसतो. ‘कंपोजर’ म्हणजे स्वतःला सावरून धरणं. आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. ‘ट्रँक्विलिटी’ प्रसन्न, स्तब्ध शांतता. रोमन तत्त्वज्ञ सेनेका या अवस्थेसाठी ‘ट्रँक्विलितास’ वापरतो आणि ग्रीक तिला ‘युथिमिया’ म्हणतात असंही नोंदवतो.

इक्वनिमिटी मात्र समुद्र, हवा, आभाळ यांतल्या कशालाही लागत नाही, ती फक्त मनालाच लागते. ‘समुद्राची इक्वनिमिटी’ असं कवीने म्हटलं तरच खपेल.

जाता जाता: इक्वनिमिटी नावाची एक आलिशान नौका मलेशियातल्या १एमडीबी या सरकारी निधीतल्या घोटाळ्याच्या तपासात फेब्रुवारी २०१८ मध्ये बालीजवळ जप्त झाली होती. विक्रीनंतर तिचं नाव ट्रँक्विलिटी झालं. नव्या मालकांनी कोश उघडून पाहिला असावा.

९. इंग्रजीत घोड्यांच्या खेळांचे शब्दही असेच सुरू होतात. काही नातं आहे का? आणि आपल्या ‘एक’शी?

घोड्याशी काडीचं नातं नाही. लॅटिनमध्ये घोडा म्हणजे ‘एक्वुस’ आणि समतल म्हणजे ‘ऐक्वुस’. देवनागरीत फरक एका मात्रेचा, इंग्रजीत मात्र दोन्हींच्या आरंभीचं स्पेलिंग एकसारखं झाल्याने घोटाळा होतो. घोडेस्वारीचा ‘इक्वेस्ट्रियन’ पहिल्यापासून आला. तो ‘एक्वुस’ संस्कृत ‘अश्व’चा भाऊ आहे, हे वेगळं.

‘एक’बद्दल: ऐक्वुसचा संबंध संस्कृत ‘एक’शी असावा ही सूचना जुन्या लॅटिन कोशांत सापडते. आजचे व्युत्पत्तिकोश ऐक्वुसचं मूळ अनिश्चित मानतात. त्यामुळे परीक्षेत हे नातं ठोकून लिहू नका.

१०. अनिमुस म्हणजे मन, तर मग ‘ॲनिमॉसिटी’चा अर्थ वैर कसा?

अनिमुसमध्ये भावनेचा जोर आहे, हे प्रश्न ३ मध्ये आलंच. तो जोर धैर्याकडे वळला तर शौर्य, दुसऱ्यावर वळला तर द्वेष. लॅटिनमध्ये आधी धाडसाचा अर्थ होता, इंग्रजीत येईपर्यंत वैरभाव उरला. इंग्रजीत सुटा ‘ॲनिमस’ही आकसासाठीच वापरतात. याच मनाची बाकीची रूपं: मॅग्नॅनिमस, मोठ्या मनाचा; युनॅनिमस, एकमुखी; प्युसिलॅनिमस, इवल्याशा मनाचा म्हणजे भित्रा.

११. म्हणजे कशाचंच काही न वाटणं, असंच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ‘नाही’ आहे. ज्याला काही वाटतच नाही त्याला समतोल सांभाळावा लागत नाही. वजन असेल तरच तोल.

दवाखान्यातला एक प्रसंग घ्या. दोन डॉक्टर आहेत, दोघांचाही आवाज चढत नाही, हात थरथरत नाहीत. एक जण अहवाल टेबलावर सरकवतो, ‘गाठ पसरली आहे’ म्हणतो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. दुसरी खुर्ची पुढे ओढते, तेच वाक्य तितक्याच स्पष्टपणे सांगते, समोरचा रडू लागला तर थांबते, मग पुढचे उपाय समजावते. बाहेरून दोघंही ‘शांत’. इक्वनिमिटी हा शब्द फक्त दुसरीला लागेल. पहिल्यासाठी इंग्रजीत ‘इनडिफरन्स’ आहे आणि मराठीत कोरडेपणा.

राग येणं, डोळे भरून येणं हेही या शब्दाच्या आड येत नाही. निर्णयाची सूत्रं त्या भावनेच्या हाती गेली की मग समतोल गेला.

१२. बौद्ध ‘उपेक्खा’ आणि गीतेतलं ‘समत्व’ म्हणजे हीच का?

इंग्रजी अनुवादकांनी दोन्हींसाठी हा शब्द वापरला, म्हणून तसं वाटतं. बऱ्याच अंशी जुळतंही, पण कल्पना स्वतंत्रपणे वाढलेल्या आहेत.

पाली ‘उपेक्खा’ ही मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखातला आनंद) यांच्याबरोबरची चौथी ‘ब्रह्मविहार’ भावना, म्हणजे ध्यानात जोपासायची उदात्त वृत्ती. संस्कृत रूप ‘उपेक्षा’, आणि योगसूत्रांतही मैत्री, करुणा, मुदिता यांच्या रांगेत ती येते. मराठी वाचक इथे अडखळतो, कारण आपल्याकडे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. मूळ अर्थ ‘जवळून पाहणे’ असा आहे. गंमत अशी की ही घसरण होणार हे बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाला ठाऊक असावं: ‘विसुद्धिमग्ग’ या आपल्या ग्रंथात तो अज्ञानातून आलेल्या बेपर्वाईला उपेक्खेचा ‘जवळचा शत्रू’ म्हणतो, कारण ती दिसायला अगदी तिच्यासारखीच असते. दूरचे शत्रू म्हणजे आसक्ती आणि द्वेष; ते निदान ओळखू तरी येतात. शिवाय बोधीच्या सात अंगांमध्ये पस्सद्धि म्हणजे शांतता आणि उपेक्खा ही दोन वेगळी अंगं मोजली आहेत. शांतपणा आणि समचित्तता एक नव्हे, याला याहून चांगला दाखला मिळणं अवघड.

गीतेत दुसऱ्या अध्यायात यश-अपयशात सम राहणं सांगून ‘समत्वं योग उच्यते’ म्हटलं आहे. तिथला ‘सम’ आणि लॅटिन ‘ऐक्वुस’ यांचं अर्थाने जुळतं, कुळाने नाही. आणखी एक फरक: गीतेतलं समत्व कर्म करताना, फळाच्या संदर्भात आहे. रोमन ‘ऐक्वो अनिमो’चा रोख मुख्यतः वाट्याला आलेलं सोसण्यावर आहे.

१३. हा शब्द स्टोइकांचा आहे ना?

स्टोइकांना, म्हणजे विकारांवर ताबा शिकवणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाला, आवडणारा म्हणा. ते रोममध्ये येण्याआधीपासून ‘सम मन’ बोलीत होतं. प्लॉटसची पात्रं काही तत्त्वज्ञ नव्हती. स्टोइकांची मूळ परिभाषा ग्रीक, त्यातला ‘अपाथिया’ म्हणजे विकारांपासून मुक्ती. एपिक्युरसच्या पंथाचा ‘अताराक्सिया’ म्हणजे मन ढवळून न निघणं. मार्कस ऑरेलियसने आपलं चिंतन ग्रीकमध्ये लिहिलं, त्यामुळे त्याच्या तोंडी ‘ऐक्वनिमितास’ घालणारी चित्रं दिसली तर पुढे पाठवू नका. तो शब्द त्याच्या दत्तक वडिलांच्या नावावर आहे (प्रश्न ६).

१४. मराठीत कोणता शब्द वापरावा?

वैचारिक लेखनात ‘समचित्तता’ किंवा ‘समवृत्ती’. कथा-बातमीत नाम शोधत बसू नये, क्रियापदाकडे वळावं. ‘शी रिसीव्ह्ड द न्यूज विथ इक्वनिमिटी’चं ‘तिने समचित्ततेने बातमी स्वीकारली’ केलं तर सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. ‘बातमी ऐकूनही ती डगमगली नाही’, ‘तिने मन ढळू दिलं नाही’, ‘तिने ते शांतपणे पचवलं’ यांपैकी प्रसंगाला शोभेल ते घ्या. ‘स्थितप्रज्ञ’ जपून वापरा, तो आता चेष्टेतच जास्त ऐकू येतो. ‘निर्विकार’ टाळा, त्यात कोरा चेहरा दिसतो.

१५. व्याकरण? अनेकवचन, विशेषण, क्रियापद?

सहसा अनेकवचन होत नाही, आधी ‘ॲन’ही लागत नाही. बहुतेकदा ‘विथ’बरोबर येतो. विशेषण ‘इक्वॅनिमस’ अस्तित्वात आहे, जोर दुसऱ्या अक्षरावर, पण ध्यानवर्गांबाहेर क्वचितच दिसतं. क्रियापद नाही.

१६. कधीकधी हा शब्द टोमणा म्हणून वापरलेला दिसतो, तो कसा ओळखायचा?

दुःख कुणाचं आणि समतोल कुणाचा, ते पाहा. स्वतःचं नुकसान कुणी ‘विथ इक्वनिमिटी’ सोसलं तर स्तुती. दुसऱ्याचं नुकसान कुणी ‘विथ ग्रेट इक्वनिमिटी’ सोसलं असं लिहिलं असेल, तर लेखक त्याला चिमटा काढतो आहे.

औपचारिक निवेदनांत आणखी एक वळण भेटतं: अमुक घटनेकडे आम्ही इक्वनिमिटीने पाहू शकत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आपण अस्वस्थ आहोत अशी नम्र कबुली आहे. प्रत्यक्षात ती सभ्य भाषेतली ताकीद असते, आणि ज्याच्यासाठी असते त्याला ती बरोबर कळते. भाषांतर करताना इथे मनाचा समतोल वगैरे आणू नका. ‘आम्ही हे खपवून घेणार नाही’ याच्या एक पायरी खालचं, ‘आम्ही स्वस्थ बसू शकत नाही’, हे नेमकं बसतं.